चिठ्ठीवरची नावे आणि अंगावरचे चट्टे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईच्या कमरेभोवती आणि जांघेत खाजणारे गोल चट्टे उठले. मेडिकलमधून विचारून आणलेल्या ट्यूबने आठवडाभर बरे वाटले, ट्यूब थांबवताच चट्टे पहिल्यापेक्षा मोठे झाले. त्वचारोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर 'मल्टिपल ॲन्युलर एरिथेमेटस स्केली प्लाक्स; टिनिया कॉर्पोरिस एट क्रूरिस; स्टेरॉइड मॉडिफाइड' असे लिहिले. शेजारच्या काकू त्याला गजकर्ण म्हणतात, मावशी इसब म्हणते. तेव्हा या शब्दांचा अर्थ काय, आपण घरी नायटा, खरूज, नागीण, कोड म्हणतो त्या विकारांची वैद्यकीय नावे कोणती, आणि घरात उरलेल्या ट्यूबचे काय करायचे, हे समजून घ्यायचे आहे.

चिठ्ठीतील त्या ओळीत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिला भाग निदान नसून केवळ वर्णन आहे. 'मल्टिपल' म्हणजे अनेक, 'ॲन्युलर' म्हणजे कड्यासारखे गोल, 'एरिथेमेटस' म्हणजे लालसर, 'स्केली' म्हणजे पापुद्रे सुटणारे आणि 'प्लाक' म्हणजे हाताला उंचवटा लागणारा, साधारण एक सेंटिमीटरपेक्षा मोठा चट्टा. दुसरा भाग निदानाचा: टिनिया हा त्वचेच्या वरच्या थरात वाढणाऱ्या बुरशीचा संसर्ग, 'कॉर्पोरिस' म्हणजे धडावरचा आणि 'क्रूरिस' म्हणजे जांघेतला. तिसऱ्या भागात डॉक्टरांनी नोंदवले आहे की आधी लावलेल्या स्टेरॉइडने आजाराचे मूळ रूप बदलले आहे. आईच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे तेच दोन शब्द आहेत, परंतु तिथे जाण्यापूर्वी वर्णनाची भाषा थोडी समजून घेतली, तर पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या वाचता येतील.

त्वचेवर दिसणाऱ्या कोणत्याही बदलाला आम्ही 'लीजन' म्हणतो. लीजन म्हणजे काही भयंकर, असा समज करून घेण्याचे कारण नाही. साधा तीळही लीजनच असतो. डोळे मिटून बोट फिरवले तर जो डाग हाताला लागतच नाही, केवळ रंगाने वेगळा दिसतो, तो लहान असल्यास 'मॅक्यूल' आणि मोठा असल्यास 'पॅच'. हाताला लागणारी लहान भरीव पुटकुळी म्हणजे 'पॅप्यूल', पसरट मोठा चट्टा म्हणजे 'प्लाक', आणि खोलवर लागणारी गाठ म्हणजे 'नोड्यूल'. आत पाणी असेल तर लहान फोडाला 'व्हेसिकल', मोठ्याला 'बुला' आणि पू असेल तर 'पश्च्यूल' म्हणतात. लहान आणि मोठे यांची सीमा बहुतेक ठिकाणी एक सेंटिमीटर, काही पुस्तकांत अर्धा सेंटिमीटर धरतात. रुग्णाने त्यावर फार डोके चालवू नये. अंगावर पित्त उठते तेव्हा येणारी गांधी म्हणजे 'व्हील'. ती चोवीस तासांच्या आत आपल्या जागी विरते आणि दुसरीकडे उठते. वाळलेल्या स्रावाची खपली ती 'क्रस्ट', कोरडा पापुद्रा तो 'स्केल', टाचेच्या भेगेसारखी चीर ती 'फिशर', आणि वर्षानुवर्षे खाजवून जाड, काळपट व रेषारेषांची झालेली त्वचा म्हणजे 'लायकेनिफिकेशन'. नवख्या डॉक्टरला आम्ही प्रथम हेच शिकवतो की जे दिसते ते आधी लिहा, नाव नंतर द्या, कारण नाव आधी सुचले की डोळा उरलेले पाहायचे सोडून देतो.

आता गजकर्ण किंवा नायटा. ही बुरशी केराटिनवर, म्हणजे त्वचा, केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनलेली असतात त्यावर जगते. गवताला लागलेला वणवा जसा कडेने पुढे सरकतो आणि मागे राख सोडतो, तशी ती मध्यातून बाहेर पसरते. म्हणून कड लाल, उंच, बारीक पुटकुळ्यांची व पापुद्र्यांची असते आणि मधला भाग त्यामानाने स्वच्छ दिसतो. केओएच तपासणीसाठी आम्ही पात्याने या कडेचाच पापुद्रा खरवडून काचपट्टीवर घेतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो. पेशी विरघळू लागल्या की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे लांब, फाटे फुटलेले धागे दिसतात. तपासणी साधी आहे, दवाखान्यातच होते आणि बहुतेक वेळा इसब की नायटा हा वाद तिथेच मिटतो. हाच संसर्ग डोक्यात झाला तर 'टिनिया कॅपिटिस', जो प्रामुख्याने लहान मुलांत दिसतो. पायात 'टिनिया पेडिस', चेहऱ्यावर 'टिनिया फेसिई' आणि नखांत 'टिनिया अंग्वियम'. पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत ज्या चिखल्या होतात, त्यांत सतत ओल राहिल्याने त्वचा भिजून फुटणे हे मूळ असते आणि त्यावर ही बुरशी, कँडिडा नावाची दुसरी बुरशी किंवा जीवाणू यांपैकी कोणीही बस्तान बसवते. म्हणून प्रत्येक चिखली म्हणजे टिनिया असे मात्र नाही.

आईच्या बाबतीत जे घडले ते गेल्या काही वर्षांत देशभर घडत आहे. दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक ट्यूबांत बुरशीनाशक औषध, एक-दोन प्रतिजैविके आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉलसारखे अतिशय तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइड त्वचेचा प्रतिकार दाबून टाकते. लाली आणि खाज या प्रतिकाराच्याच खुणा असल्यामुळे दोन दिवसांत आराम वाटतो, परंतु विरोध करणारेच कोणी न उरल्याने बुरशी निवांत वाढते. कडेचे ठळक वलय पुसट होते, कधी वलयात वलय दिसते आणि निदान करणाऱ्यालाही चकवा बसतो. या बदललेल्या रूपाला 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे वेष पालटलेला नायटा, असे नाव आहे. जांघेत आणि काखेत हे मलम महिनोन्महिने लावले की त्वचा पातळ होऊन बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तसे पट्टे उमटतात. त्यांना 'स्ट्राये' म्हणतात आणि ते कायमचे राहतात. 2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे अनुसूची 'एच' मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. व्यवहारात काय चालते हे वाचकांना मी सांगायला नको.

याच काळात बुरशीही बदलली. भारत आणि नेपाळमधील रुग्णांच्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी 2020 मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' ही वेगळी जात नोंदवली. तिच्यातील अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे एकेकाळचे हुकमी औषध चालत नाही. म्हणून पूर्वी दोन-तीन आठवड्यांत आटोपणारा उपचार आता अनेकदा दोन-तीन महिने चालतो आणि पोटात घ्यायची औषधे यकृत व इतर गोळ्या लक्षात घेऊन निवडावी लागतात. डॉक्टर औषधे वाढवत आहेत अशी शंका घेऊन मध्येच थांबणारे रुग्ण महिन्याभराने तेच चट्टे घेऊन परत येतात. मलम लावताना ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे रुंदीपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावे. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे धुवावेत, पूर्ण वाळवावेत, आणि घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यालाही त्याच वेळी दाखवावे.

मावशी ज्याला इसब म्हणते ते 'एक्झिमा' किंवा 'डर्मटायटिस'. तो संसर्ग नाही; त्वचेचा दाह आहे आणि त्याच्यावर योग्य ताकदीचे स्टेरॉइड, ठरावीक दिवस, हे रास्त औषध आहे. म्हणजे जे मलम एका आजारात उपकारक तेच दुसऱ्यात अपायकारक, आणि दोन्ही आजार सामान्य डोळ्याला सारखेच खाजरे लाल चट्टे दिसतात. इसब बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असते, त्याची कड धूसर असते, नव्या अवस्थेत ते ओले आणि जुन्या अवस्थेत जाड होते. त्याचे कारण शोधणे हा आमच्या कामाचा सर्वांत रंजक भाग असे मी नि:संकोच म्हणेन. शेतावर राबणाऱ्या मध्यमवयीन माणसाच्या पापण्या, मान, कोपरांचे खळगे असे उघडे आणि घामाचे भाग वर्षानुवर्षे धुमसत असतील तर प्रथम गाजर गवताची चौकशी करावी. 'पार्थेनियम' हे परदेशी तण 1950 च्या दशकात पुण्यात आढळले आणि पुढे सर्वदूर पसरले. त्याचे वाळलेले सूक्ष्म कण हवेतून येऊन बसतात आणि त्या दाहाला 'एअरबोर्न काँटॅक्ट डर्मटायटिस' म्हणतात. बिब्ब्याचे उदाहरणही आपल्याकडचेच. टाचेच्या भेगेवर किंवा कुरपावर तापवलेला बिब्बा लावण्याची रीत अजून गेलेली नाही, आणि त्याच्या तेलाने भाजून आलेल्या फोडांचे रुग्णही येणे थांबलेले नाही. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करत असत, त्या खुणेखालच्या त्वचेवर उठणाऱ्या चट्ट्याला वैद्यकात धोब्याच्या खुणेचा दाह असे नावच पडले आहे.

पांढऱ्या डागांविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण तिथे आजारापेक्षा भीती अधिक त्रास देते. एकच 'पांढरा डाग' किमान पाच निरनिराळ्या गोष्टी असू शकतो. तरुण मुलाच्या छातीवर, पाठीवर, मानेवर घामाच्या दिवसांत फिकट किंवा तपकिरी ठिपके येतात आणि नखाने हलके ओरखडले की भुशासारखा कोंडा निघतो, ती शिबे; वैद्यकीय नाव 'पिटिरियासिस व्हर्सिकलर'. त्याला कारण असणारे मॅलासेझिया हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, आपल्या सर्वांच्याच त्वचेवर वस्तीला असते, त्यामुळे कोणाकडून कोणाला लागण झाली हा प्रश्नच उद्भवत नाही. उपचाराने यीस्ट आठवड्याभरात आटोक्यात येते, रंग भरून यायला मात्र काही महिने लागतात. या मधल्या काळात औषध लागू पडले नाही असे समजून लोक डॉक्टर बदलतात. शाळकरी मुलांच्या गालावरचे धूसर, किंचित खरखरीत फिके डाग म्हणजे 'पिटिरियासिस आल्बा'. त्यांचा जंतांशी किंवा कॅल्शियमच्या कमतरतेशी संबंध नाही. साधे मॉइश्चरायझर आणि थोडा धीर पुरेसा असतो. कपाळावर नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग हा चिकटविण्याच्या द्रव्यातील रसायनाने रंगपेशी मेल्यामुळे येतो. त्याला 'काँटॅक्ट ल्यूकोडर्मा' म्हणतात आणि टिकली ताबडतोब बंद करणे ही उपचाराची पहिली पायरी आहे.

कोड म्हणजे 'व्हिटिलिगो'. डाग दुधासारखा शुभ्र, कड स्पष्ट, कोंडा नाही, संवेदना पूर्ण शाबूत. ओठ, बोटांची टोके, डोळ्यांभोवती आणि घोट्यांवर तो अधिक दिसतो, आणि डागावरचे केस काळे आहेत की पांढरे झाले यावरून रंग परत येण्याची शक्यता बरीचशी कळते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटल्याने तो होतो. तो स्पर्शाने, जेवणाने, एका घरात राहिल्याने पसरत नाही. मासे खाऊन दूध प्यायल्याने तो होतो या समजुतीला काही आधार नाही. त्याला 'श्वेतकुष्ठ' म्हणणाऱ्यांनी कुष्ठरोगाशी नसलेले नाते जोडून दिले आणि कित्येक लग्ने मोडली, याचा मला अजून राग येतो.

कुष्ठरोगाचा, म्हणजे 'लेप्रसी'चा, डाग सहसा दुधासारखा पांढरा नसतो. तो फिकट किंवा तांबूस असतो, खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतो. कापसाच्या टोकाने स्पर्श केला तर रुग्णाला डागावर कळत नाही, तिथे घाम येत नाही, केस विरळ होतात आणि कोपराजवळची किंवा गुडघ्यामागची शिर, म्हणजे मज्जातंतू, जाड लागते. नॉर्वेतील हॅन्सन यांनी 1873 मध्ये याचा जीवाणू दाखवून दिला, तेव्हापासून हा पापाचा किंवा रक्ताच्या दोषाचा आजार राहिलेला नाही. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतो. डाग पाचपर्यंत असून नमुन्यात जीवाणू नसतील तर सहा महिने, अन्यथा साधारण बारा महिने. वेळेवर सुरू केला तर हातापायांची व्यंगे मुळी येतच नाहीत. बधिर डागाला खाज नाही म्हणून वाट पाहणे हीच या आजारात खरी घातक गोष्ट आहे.

नागीण म्हणजे 'हर्पिस झोस्टर'. लहानपणी कांजिण्या देणारा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त राहतो आणि वय झाले, प्रतिकारशक्ती उतरली की एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून ती शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात येते आणि शक्यतो मध्यरेषा ओलांडत नाही. फोड येण्याच्या आधी दोन-तीन दिवस नुसतीच आग आणि कळ असते, त्यामुळे छातीवरची नागीण हृदयविकार समजून दवाखान्यात येते. दोन तोंडे मिळाली की माणूस दगावतो ही समजूत निराधार आहे, परंतु तिच्यापायी लोक मंत्र आणि काव-गेरूच्या लेपात जे पहिले तीन दिवस घालवतात तेच मोलाचे असतात. फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत ॲसिक्लोव्हिर किंवा तत्सम औषध सुरू झाले, तर आजार लवकर आटोपतो. वयस्कर रुग्णांत मागे रेंगाळणारी कळ, म्हणजे 'पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया', महिनोन्महिने झोप उडवते. नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण तीच शिर डोळ्यालाही जाते. पन्नाशीपुढच्यांसाठी आता लस उपलब्ध आहे.

पावसाळ्यात मात्र नागीण म्हणून येणाऱ्या कित्येकांना दुसरेच काही झालेले असते. सकाळी उठल्यावर मानेवर ओरखडल्यासारखा लाल, आग होणारा पट्टा, दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळट फोड. घरात म्हणतात, कोळी मुतला. प्रत्यक्षात दिव्याकडे आकर्षित होणारा 'पेडेरस' नावाचा, मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा किडा झोपेत चिरडला जातो आणि त्याच्या शरीरातील दाहक द्रव्य त्वचेवर ओढले जाते. कोपर दुमडलेले असेल तर समोरासमोरच्या दोन भागांवर एकमेकांचे ठसे उमटतात. इथे विषाणूविरोधी गोळ्यांचा काही उपयोग नाही. जागा लगेच साबणाने धुणे आणि काही दिवस सौम्य स्टेरॉइड लावणे पुरते. किडा दिसलाच तर चिरडू नये, फुंकून उडवावा.

खरूज म्हणजे 'स्केबीज', आणि तिच्यात औषधापेक्षा पद्धत चुकते. डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा माइट नावाचा जीव त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालतो. बोटांची बेचकी, मनगट, बेंबीभोवती, जननेंद्रिये या जागा आणि रात्री वाढणारी खाज, शिवाय घरात आणखी कोणी खाजवणारे, एवढ्यावर निदान होते. पाच टक्के परमेथ्रिन मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांच्या खालीसुद्धा, रात्रभर लावून सकाळी आंघोळ करायची आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावायचे. घरातल्या प्रत्येकाने, ज्याला खाज नाही त्यानेही, त्याच रात्री लावायचे, कारण पहिल्या लागणीत खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे जातात. माइट मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यासाठी औषध पुन:पुन्हा फासत राहिल्यास त्वचा अधिकच चिडते.

उरलेली नावे भराभर सांगतो. गळू किंवा केसतूड म्हणजे 'फुरंकल', अनेक तोंडांची काळपुळी म्हणजे 'कार्बंकल'. वारंवार होत असतील तर रक्तातील साखर तपासावी. मुलांच्या नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाची खपली धरणारे फोड 'इम्पेटायगो'. तारुण्यपीटिका 'ॲक्ने', वांग 'मेलाझ्मा', चाई 'अलोपेशिया अरिएटा', घामोळे 'मिलिएरिया', अंगावर उठणारे पित्त 'अर्टिकेरिया'. त्यावर आमसुलाचे पाणी लावायला माझी हरकत नाही, पण ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर तडक रुग्णालय गाठावे. चामखीळ या एका नावाखाली विषाणूजन्य 'वार्ट' आणि मानेवर लोंबणारे निरुपद्रवी 'स्किन टॅग' दोन्ही येतात. टॅगसोबत मानेची त्वचा काळी व मखमली झाली असेल, तर त्या 'ॲकँथोसिस निग्रिकन्स'साठी मान घासत बसण्यापेक्षा वजन आणि साखर पाहावी. तळव्यावरचे कुरूप आणि तळव्यावरचा वार्ट यांत गल्लत होते: वरचा जाड थर तासल्यावर काळे ठिपके दिसले तर तो वार्ट. तळव्यावर किंवा नखाखाली नव्याने आलेला, वाढत जाणारा काळा डाग मात्र उशीर न करता दाखवावा, कारण 'मेलानोमा' हा कर्करोग आपल्याकडे दुर्मीळ असला तरी होतो तेव्हा बहुधा याच जागा निवडतो.

राहता राहिली घरातली ट्यूब. तिच्या वेष्टनावरील घटकांच्या नावांत शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' दिसले, उदाहरणार्थ बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, तर ती स्टेरॉइडची आहे असे धरून चालावे. ती नायट्यावर, चेहऱ्यावर किंवा जांघेत स्वतःच्या मनाने लावू नये. मात्र हा नियम आंधळेपणाने वापरू नये, कारण केटोकोनॅझॉल, मायकोनॅझॉल अशी 'नॅझॉल'ने संपणारी नावे बुरशीनाशकांची असतात. आईने ट्यूब थांबवल्यावर पहिले आठ-दहा दिवस लाली आणि खाज वाढल्यासारखी वाटेल. दाबलेला दाह उघडा पडल्याचा तो परिणाम असतो, नव्या औषधाची ॲलर्जी नव्हे. पुढच्या भेटीला रिकामी ट्यूबसुद्धा सोबत न्यावी, आणि पापुद्रा पुन्हा तपासायचा असेल तर आधी किती दिवस काहीही लावायचे नाही, हे दवाखान्यात फोन करून विचारून घ्यावे.